माप आणि माल : प्रौढ विद्यार्थी व इंग्रजीची प्रवेशपरीक्षा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)





सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत शिक्षणावर एक व्याख्यान असावे आणि ते एका कापड व्यापाऱ्याने द्यावे, असे मंडळाने ठरविले, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी शिक्षक नाही, भाषातज्ज्ञ तर नाहीच. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि गेली चाळीस वर्षे गादीवर बसून कापड मोजत आलो आहे. परंतु आजचा विषयही एका परीने मोजमापाचाच आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करीत आहे.

वयाची तिशी-चाळिशी गाठलेल्या ज्या बंधू-भगिनींना परदेशी महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा असतो, त्यांच्या वाटेत इंग्रजी भाषेची एक परीक्षा उभी असते. आपल्या समाजातील फारच थोडी कुटुंबे अशी असतील की ज्यांचे कोणीही परदेशात नाही. कोणाची सून विवाहानंतर न्यू जर्सीत आहे आणि मुले शाळेत जाऊ लागल्यावर तिला स्वतःचे अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करावयाचे आहे. कोणाचा पुतण्या बारा वर्षे हिशेबनिसाचे काम करून आता इंग्लंडमध्ये पुढील पदवी घेऊ इच्छितो. कोणाची भाची परिचारिका आहे. या सर्वांच्या हातात एके दिवशी निकालाचा कागद येतो. त्यावर साडेसहाऐवजी सहा असा आकडा दिसतो आणि ते म्हणतात, "मला इंग्रजी येत नाही." घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "आता या वयात कशाला तो खटाटोप?" अर्ध्या आकड्याने एका माणसाचे शिक्षण थांबते. ते तसे थांबू नये, एवढ्याचसाठी आजचे हे बोलणे आहे.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. परीक्षा हे माप आहे, माल नव्हे. मापाने माल तयार होत नाही, आणि मापाने मालाची प्रतही कळत नाही; कळते ती फक्त लांबी. ज्याने हे ओळखले, तो परीक्षेला भीतही नाही आणि परीक्षेची पूजाही करीत नाही.

मापाचा इतिहास

हे माप आजचे नाही. केंब्रिज विद्यापीठाने १९१३ साली परकीयांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा प्रथम घेतली. ती सुमारे बारा तास चालली. तीत भाषांतर होते, व्याकरण होते, उच्चारशास्त्र होते, इंग्रजी वाङ्मयही होते. परीक्षेला बसले तिघे, आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले! भाषेविषयी विद्यार्थ्याला काय काय ठाऊक आहे, हे त्या काळी मोजले जात असे.

पुढे दृष्टी बदलली. अमेरिकेतील महाविद्यालयांत परदेशी विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली, तेव्हा १९६४ साली 'टोफेल' ही परीक्षा सुरू झाली. ब्रिटनमध्ये १९८० साली एक नवी परीक्षा आली आणि तिचेच रूपांतर १९८९ साली 'आयईएलटीएस' या परीक्षेत झाले. ब्रिटिश कौन्सिल, केंब्रिज आणि ऑस्ट्रेलियातील आयडीपी ही संस्था अशा तिघांनी मिळून ती चालविली. आरंभी विज्ञान, वैद्यक, व्यापार अशा शाखांप्रमाणे निरनिराळ्या प्रश्नपत्रिका असत. १९९५ पासून उच्च शिक्षणासाठी सर्वांना एकच प्रश्नपत्रिका झाली.

या इतिहासातून घ्यावयाचा बोध असा, की माप बदलत बदलत 'भाषेविषयी काय ठाऊक आहे' येथून 'भाषेने काम किती करता येते' येथवर आले आहे. वर्गात व्याख्यान चालू असता ते समजते काय? पुस्तकातील पान वेळेत वाचून होते काय? आपले मत दोन परिच्छेदांत मांडता येते काय? समोरच्या माणसाशी दोन वाक्ये सरळ बोलता येतात काय? आजची परीक्षा हे विचारते.

आपल्या पिढीची अडचण नेमकी येथे आहे. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० सालच्या जूनपासून आरंभ झाला. त्यापूर्वी इंग्रजी पाचवीपासून असे. म्हणजे आज ज्यांचे वय पस्तिशीच्या पुढे आहे आणि जे मराठी माध्यमातून शिकले, त्यांचे इंग्रजी पाचवीत सुरू झाले, आणि तेही व्याकरणाचे नियम, भाषांतर व पाठ केलेले निबंध यांच्या बळावर. त्यांना काळ ओळखता येतो, कर्मणी प्रयोग करता येतो. परंतु इंग्रजी कानाने ऐकण्याची आणि तोंडाने बोलण्याची सवय त्यांना शाळेने लावली नाही. हा बुद्धीचा दोष नव्हे. ज्या कपाटात माल भरलाच नाही, ते कपाट रिकामे दिसणारच.

माप कसे घेतले जाते

उदाहरणादाखल आयईएलटीएसचा विचार करू, कारण आपल्याकडील बहुसंख्य उमेदवार तीच देतात. तिचे चार विभाग आहेत. श्रवण सुमारे अर्धा तास, वाचन एक तास, लेखन एक तास आणि संभाषण अकरा ते चौदा मिनिटे. श्रवण व वाचन या प्रत्येकात ४० प्रश्न असतात. श्रवणाचा मजकूर एकदाच ऐकविला जातो. लेखनात दोन कामे असतात. पहिल्यात एखादा आलेख, कोष्टक अथवा आकृती यांचे किमान १५० शब्दांत वर्णन करावयाचे, आणि दुसऱ्यात किमान २५० शब्दांचा निबंध लिहावयाचा. दुसऱ्या कामाला पहिल्याच्या दुप्पट महत्त्व असते. संभाषणात परीक्षक आधी साध्या ओळखीचे प्रश्न विचारतो, मग एक विषय देऊन एक मिनिट विचार करण्यास व एक ते दोन मिनिटे बोलण्यास सांगतो, आणि शेवटी त्याच विषयावर चर्चा करतो.

गुण शून्य ते नऊ अशा पट्टीवर दिले जातात. त्यांना 'बँड' म्हणतात. ४० पैकी साधारण २३ उत्तरे बरोबर आली तर सहा बँड, ३० च्या सुमारास सात, ३५ च्या सुमारास आठ. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार यात थोडा फरक पडतो. चारही विभागांची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्या बँडला नेतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. समजा श्रवणात साडेसहा, वाचनात साडेसहा, लेखनात पाच आणि संभाषणात सात मिळाले. बेरीज पंचवीस, सरासरी सव्वासहा. सव्वासहाचे साडेसहा होतात. परंतु सरासरी सहापूर्णांक एकअष्टमांश आली, तर सहाच राहतात. म्हणजे एकूण बेरजेत केवळ अर्ध्या बँडचा फरक पडला, तरी निकालावर सहा दिसतात की साडेसहा, हे बदलते. आता सांगा, अशा वेळी 'सहा' मिळालेला उमेदवार 'साडेसहा' मिळालेल्याहून फार कमी प्रतीचा आहे काय? मुळीच नाही. कोणतीही पट्टी केसाइतके अचूक मोजत नाही. त्याच माणसाने आठवड्याने तीच परीक्षा दिली, तर आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. निकालाने खचून जाण्यापूर्वी एवढे तरी समजून घ्यावे.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. आपण आजही नऊवारी म्हणतो आणि पावती मीटरवर करतो. एक वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर, यात वाद नाही. इंग्रजीच्या परीक्षांचे तसे नाही. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्यांची एक चौकट प्रसिद्ध केली. तिच्यातील चौथी पायरी म्हणजे आयईएलटीएसचे साडेपाच ते साडेसहा असे ढोबळमानाने धरतात. टोफेलची पट्टी अनेक वर्षे १२० गुणांची होती. जानेवारी २०२६ पासून त्या परीक्षेचे स्वरूप बदलून एक ते सहा अशी नवी पट्टी आली आहे. तिसरी एक परीक्षा घरबसल्या संगणकावर देता येते आणि २०२० च्या महामारीत अनेक विद्यापीठांनी ती स्वीकारली. या पट्ट्यांचे एकमेकींत रूपांतर करणारी कोष्टके असतात, पण ती अंदाजाची असतात. शेजाऱ्याच्या मुलाने कोणती परीक्षा दिली, हे पाहून आपली परीक्षा ठरवू नये. ज्या महाविद्यालयात जावयाचे आहे, त्याने लेखी काय मागितले आहे तेच पाहावे. कोणती परीक्षा चालते, एकूण बँड किती हवा, प्रत्येक विभागात किमान किती हवा आणि निकाल कोणत्या तारखेच्या आत पोहोचला पाहिजे, हे चार प्रश्न आधी विचारावेत. पुष्कळांचा एकूण आकडा पुरेसा असतो, पण एकट्या लेखनात अर्धा बँड कमी पडून प्रवेश हुकतो. गिऱ्हाइकाला किती पन्हा हवा ते न विचारता तागा कापणारा व्यापारी आपण पाहिला आहे काय?

अमेरिकेतील दुसरी वाट

विवाहानंतर अमेरिकेत गेलेल्या आपल्या लेकी-सुनांची वाट थोडी निराळी आहे. नोकरी करणाऱ्या पतीच्या अवलंबित व्हिसावर राहणाऱ्या पत्नीस तेथे शिक्षण घेण्यास मुभा आहे. तेथील दोन वर्षांची सार्वजनिक महाविद्यालये, ज्यांना तिकडे कम्युनिटी कॉलेज म्हणतात, बहुधा सर्वांना प्रवेश देतात. तेथे इंग्रजीची परीक्षा दारावर नसते, ती दाराच्या आत असते. कोणत्या वर्गात बसवावयाचे, हे ठरविण्यासाठी ती घेतात. अनेक ठिकाणी 'अॅक्युप्लेसर' नावाची संगणकीय परीक्षा वापरली जाते. एक उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न थोडा कठीण येतो, चुकले की थोडा सोपा. तीत घड्याळाचे बंधन नसते.

या परीक्षेत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नाही, म्हणून पुष्कळजणी ती हलक्यावारी घेतात. आमच्या नात्यातील एक सूनबाई, वय चाळीसच्या आसपास, घरचे सारे आटोपून, मुलाला पाळणाघरातून आणण्याची घाई डोक्यात ठेवून या परीक्षेस बसल्या. वेळेचे बंधन नसताही त्यांनी ती भराभर उरकली. परिणाम असा झाला, की त्यांना इंग्रजीच्या अगदी खालच्या वर्गात बसविले गेले. एकेका सत्राचे शुल्क भरीत, वर चढत चढत, मूळ अभ्यासक्रमापर्यंत पोहोचण्यास त्यांना दीड वर्ष लागले. त्या आता लेखापालाचा अभ्यासक्रम पुरा करीत आहेत, हे त्यांच्या चिकाटीचे फळ. पण ते दीड वर्ष वाचू शकले असते.

अशा मापाविषयी अमेरिकेतही प्रश्न उपस्थित झाले आहेत. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ च्या सुमारास दाखवून दिले, की इंग्रजी व गणिताच्या अशा वर्गनिश्चितीच्या परीक्षा बऱ्याच विद्यार्थ्यांना चुकीच्या वर्गात बसवितात, आणि त्यांच्या जोडीला पूर्वीचे शालेय गुण पाहिले तर निर्णय अधिक बरोबर येतात. कॅलिफोर्निया राज्याने २०१७ साली कायदाच केला. केवळ परीक्षेच्या आधारे विद्यार्थ्यांना खालच्या वर्गांत अडकवून ठेवू नये, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना तीन वर्षांच्या आत पदवीच्या इंग्रजीपर्यंत पोहोचता यावे अशी व्यवस्था महाविद्यालयांनी करावी, असे तो सांगतो. म्हणून आपल्या भगिनींनी जाताना आपली जुनी गुणपत्रके, इंग्रजी माध्यमातून काही शिक्षण झाले असल्यास त्याचे प्रमाणपत्र, हे सर्व बरोबर न्यावे, ते दाखवावे, आणि निर्णय पटला नाही तर पुन्हा परीक्षा देता येईल काय हे नम्रपणे पण ठामपणे विचारावे. मागितल्यावाचून कोणी देत नाही.

ताणून मोजलेले कापड

आता एका अप्रिय विषयाकडे वळतो. कापड मोजताना ते ताणून धरले, तर मीटरमागे बोटभर जास्त भरते. पावतीवर दहा मीटर होतात, पण शिंप्याच्या टेबलावर ते कमी भरते. बदनामी मग कोणाची होते? पट्टीची होत नाही, व्यापाऱ्याची होते.

परीक्षेच्या तयारीचे अनेक वर्ग चांगले आहेत. परंतु काही ठिकाणी केवळ कापड ताणण्याचे काम चालते. पन्नास निबंध पाठ करून घेतले जातात, प्रत्येक विषयास चालतील अशी भरजरी वाक्ये शिकविली जातात, बोलताना इंग्रजांसारखा हेल काढण्यास सांगितले जाते. यातील काहीही उपयोगाचे नाही. पाठ केलेला मजकूर परीक्षकाच्या ध्यानात येतो आणि त्याचे गुण कापले जातात. हेल तर मोजलाच जात नाही. बोलणे समजते की नाही, एवढेच पाहतात. आपण सांगलीचे आहोत की सुरतेचे, हे आवाजात कळले तर त्यात काही बिघडत नाही.

'एका महिन्यात दोन बँड वाढवून देतो' अशा जाहिराती वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये दहा-बारा आठवडे पूर्णवेळ इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांची सरासरी वाढ अर्ध्या बँडहून थोडीशीच अधिक होती. तेही इंग्रजी बोलणाऱ्या देशात राहून, दुसरे काही काम नसताना! संसार आणि नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्या माणसाने एका बँडसाठी वर्षभराची तयारी ठेवावी, हे शहाणपणाचे.

आणि ताणण्याच्याही पलीकडे एक पायरी असते, ती म्हणजे दुसऱ्याचे कापड आपले म्हणून मोजून घेणे. २०१४ च्या फेब्रुवारीत बीबीसीच्या एका कार्यक्रमाने ब्रिटनमधील काही केंद्रांत 'टोईक' नावाच्या इंग्रजी परीक्षेत चाललेला प्रकार उघडकीस आणला. तेथे उमेदवाराऐवजी तोतया परीक्षा देत होता आणि उत्तरे मोठ्याने वाचून दाखविली जात होती. परीक्षा घेणाऱ्या कंपनीने मग २०११ ते २०१४ या काळातील सुमारे ५८ हजार परीक्षा तपासल्या आणि त्यांतील ९७ टक्के बाद अथवा संशयास्पद ठरविल्या. हजारो परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. त्यांत भारतीयही होते. पण खरी शोकांतिका पुढेच आहे. ज्यांनी प्रामाणिकपणे परीक्षा दिली होती, त्यांपैकी कित्येकजण आपले निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयांत खेटे घालीत राहिले. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ सालच्या अहवालात म्हटले, की फसवणूक मोठ्या प्रमाणावर झाली हे खरे, परंतु काही निरपराधही तीत भरडले गेले असण्याची शक्यता आहे आणि शासनाने त्याची पुरेशी खातरजमा केली नाही. बाजारात दहा दुकानांनी खोटे माप वापरले, की अकराव्या खऱ्या दुकानावरही गिऱ्हाईक संशय घेते. खोटेपणाची किंमत नेहमी दुसराच कोणीतरी मोजतो, हे यातून शिकावे.

प्रौढाने तयारी कशी करावी

प्रौढ विद्यार्थ्याजवळ तरुणापेक्षा काही गोष्टी कमी असतात आणि काही अधिक. वेळ कमी, परीक्षेची सवय कमी, टंकलेखनाचा वेग कमी. अधिक असतो तो अनुभव आणि कामाची शिस्त. त्या शिस्तीचा उपयोग असा करावा.

सर्वप्रथम, वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी, अधिकृत संकेतस्थळावरील एक नमुना प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी. दुकान घेताना आधी शिल्लक माल मोजतात, तसे हे आहे. कोणत्या विभागात किती तूट आहे ते कळले, की श्रमांची वाटणी करता येते.

श्रवणासाठी रोज अर्धा तास इंग्रजी बातम्या अथवा व्याख्यान ऐकावे. एकदाच ऐकावे, थांबवू नये, आणि काय ऐकले ते कागदावर लिहावे. दूरध्वनी क्रमांक, तारखा, रकमा, नावांची अक्षरे ऐकून लिहिण्याचा सराव मुद्दाम करावा. सोप्या वाटणाऱ्या या गोष्टींतच गुण सांडतात.

वाचनात प्रौढांची एक विशेष अडचण असते. दिलेले विधान उताऱ्यानुसार बरोबर, चूक, की 'उताऱ्यात सांगितलेलेच नाही', असे विचारतात. अनुभवी माणूस स्वतःच्या ज्ञानाने उत्तर देतो आणि फसतो. व्यापाऱ्यांना मी असे सांगेन, की बिलात जे लिहिलेले नाही ते नाही, मग आपल्याला ते कितीही ठाऊक असो.

लेखनात आपल्या लोकांच्या चुका बहुतेक एकाच जागी होतात. इंग्रजीत नामापूर्वी येणारे 'अ' आणि 'द' हे छोटे शब्द मराठीत नाहीत. 'दुकानात गेलो' म्हटले की कोणते दुकान ते मराठी माणूस संदर्भाने ओळखतो. इंग्रजीला ते सांगावे लागते. रोज एक परिच्छेद लिहून केवळ या एका दृष्टीने तपासला, तरी दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो. निबंधाला महत्त्व दुप्पट असल्याने एका तासातील चाळीस मिनिटे त्यासाठी राखावीत. परीक्षा आता बहुधा संगणकावर असते, तेव्हा टंकलेखनाचा सराव हाही अभ्यासच समजावा.

संभाषणासाठी रोज एका विषयावर दोन मिनिटे बोलून ते भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करावे आणि स्वतः ऐकावे. पहिले आठ दिवस संकोच वाटतो. मग तो जातो. अडखळलो तर पुन्हा सुरुवात न करता पुढे जावे. परीक्षेतही तसेच करावयाचे असते.

निकाल साधारणपणे दोन वर्षांपर्यंतच ग्राह्य धरला जातो, हेही विसरू नये. भाषा वापरात नसली की कोऱ्या कापडासारखी आटते, असा त्यामागे विचार आहे. म्हणून प्रवेशाची तारीख निश्चित झाल्यावर, तिच्या आधी दुसऱ्या प्रयत्नास अवकाश राहील अशा बेताने परीक्षेची तारीख घ्यावी. आता संगणकावर परीक्षा देणाऱ्यास कमी पडलेला एकच विभाग साठ दिवसांच्या आत पुन्हा देण्याची सोयही काही केंद्रांवर आहे. मात्र आपले महाविद्यालय तसा निकाल स्वीकारते काय, हे आधी विचारून घ्यावे.

कुटुंबीयांना दोन शब्द

शेवटी, विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या घरच्या मंडळींना मला काही सांगावयाचे आहे. अठरा वर्षांच्या मुलाची परीक्षा असली, की आपण घरात दूरदर्शनचा आवाज कमी करतो, त्याच्या खोलीत दूध नेऊन देतो, पाहुण्यांना 'परीक्षा झाल्यावर या' म्हणतो. चाळीस वर्षांच्या सुनेची परीक्षा असली, की आपण तिला विचारतो, "स्वयंपाक झाला का?" परीक्षा दोघांची सारखीच कठीण आहे. उलट तिची अधिक कठीण, कारण तिला हरण्याची लाज अधिक वाटते. मुले हसतील, जाऊबाई काय म्हणतील, या धास्तीने कित्येकजणी फॉर्मच भरीत नाहीत. परीक्षेने थांबविलेल्यांपेक्षा अशा धास्तीने थांबलेल्यांची संख्या अधिक असावी, असे मला वाटते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. घरात कोणी या वाटेने निघाले असेल, तर त्याला अथवा तिला रोज दीड तास निर्वेध मिळू द्यावा. त्या वेळात घरातील काम दुसऱ्याने करावे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवंडांनी आजी-आईच्या उच्चारांना हसण्याऐवजी तिच्याशी रोज पंधरा मिनिटे इंग्रजीत बोलावे; याहून स्वस्त आणि चांगली शिकवणी बाजारात मिळणार नाही. परीक्षेचे शुल्क मोठे असते हे मान्य. पण पहिल्या प्रयत्नात अर्धा बँड कमी पडला म्हणून दुसऱ्या प्रयत्नाचे पैसे वाया जाणार, असे समजू नये. व्यापारात पहिल्याच हंगामात नफा झाला नाही, म्हणून आपल्यापैकी कोणी दुकान बंद केले आहे काय?

विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो. पट्टी खरी असू द्या, कापड सैल धरून मोजू द्या, आणि जेवढे भरेल तेवढे मान्य करा. कमी भरले तर विणकाम पुढे चालू ठेवा. माग आपल्याच घरात आहे. त्या आकड्याने आपल्या बुद्धीची, संस्काराची किंवा आजवर केलेल्या कष्टांची मोजदाद होत नाही. ती करू शकेल अशी पट्टी अद्याप कोणी तयार केलेली नाही.